जुन्या घराला वाळवी लागली तर घर पडू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीकडच्या जुन्या कौलारू घरात चौकटीवर मातीची रेघ दिसली, झाडून रॉकेल मारलं, तर आठवड्याभरात ती परत आली. घराला धोका आहे का आणि आईवडिलांनी तिथे राहावं का, असं विचारलंय.

आधी एक विनंती. ती रेघ आता पुसू नका. आम्ही संगमेश्वरकडच्या आमच्या घरात अनेक वर्षं हेच केलं. दिसली की केरसुणी, वर चुना. एका मे महिन्यात मधल्या खोलीचं दार जरा जोरात ओढलं, तर बिजागरीसकट चौकटीचा तुकडा हातात आला. बाहेरून ऑइलपेंट तसाच चकचकीत होता, आत माती भरलेली. शेजारच्या फडताळातल्या आजोबांच्या वह्यांची फक्त पुठ्ठ्याची पानं उरली होती. त्या वह्यांचं दुःख मला चौकटीपेक्षा जास्त आहे.

ती रेघ म्हणजे झाकलेला रस्ता असतो. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण ती झुरळाच्या कुळातली. मुंग्या तर तिच्या वैरी. कामकरी वाळवी बहुतेक जातींत आंधळी असते आणि तिचं अंग इतकं मऊ असतं की कोरड्या हवेत ते लगेच सुकतं. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती नळी बांधते आणि तिच्या आडून ये-जा करते. राणी बहुधा घरात नसतेच, ती बाहेर जमिनीत असते. आपल्याकडे सर्रास दिसणारी, वारुळं उभारणारी वाळवी तर लाकूड नेऊन आत बुरशीची शेतीच करते. पावसात वारुळावर जी अळंबी उगवते ती याच बुरशीची. रॉकेलने मरतात त्या वाटेवरच्या शे-दोनशे. वसाहतीला त्याने काही होत नाही, आणि पुढची वाट भिंतीच्या आतून निघाली तर तुम्हाला ती दिसणारही नाही.

म्हणून रेघेचा माग काढा. मधोमध बोटभर जागा फोडा आणि दोन-तीन दिवस बघा. ओल्या मातीने बुजवलेली दिसली तर वाट चालू आहे. मग रेघ खाली कुठे जमिनीला मिळते ते शोधा. तिथे जवळपास बहुतेक वेळा ओल सापडतेच. आमच्याकडे न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीला मुरत होतं आणि त्याच भिंतीला टेकून सरपण रचलेलं होतं. म्हणजे पाणी आणि खाणं आम्हीच पुरवत होतो! पाण्याला पन्हळ काढून दिली, लाकडं भिंतीपासून लांब, दगडांवर रचली. औषधाच्या आधी हे करा, नाहीतर पैसे वाया जातील.

औषध मारायचं ते लाकडावर नुसतं फवारून भागत नाही, ते मातीत जायला हवं. उभ्या इमारतींसाठी आयएस ६३१३ भाग ३ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून औषध आत सोडतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला भोकं कुठे पाडणार आणि कोणतं औषध वापरणार हे आधी विचारा. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असेल तर वाळवीला ते जाणवत नाही. ती त्यातून जाते आणि इतरांनाही ते लावते. परिणाम दिसायला वेळ लागतो, घाबरू नका. आणि विहीर जवळ असेल तर ते आधीच सांगा. हे विष पाण्यात जाता कामा नये, याबाबतीत जराही तडजोड नको.

पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारे पंखवाले किडे वाळवीचेच, पण बाहेरून उडत आलेले बहुतेक मरतात. बंद खोलीत, खिडकीखाली पंखांचा खच पडलेला दिसला तर मात्र ते घरातूनच निघालेत असं समजा. मातीची रेघ नसून कपाटाखाली खसखशीसारखे कडक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा मातीशी संबंध नसतो, उपचारही वेगळा.

आता घर पडण्याबद्दल. सिमेंटच्या बिल्डिंगचा सांगाडा वाळवी खात नाही. तिथे नुकसान चौकटी, प्लायवूड आणि पुस्तकांचं. तुमच्या घराचं छप्पर लाकडावर उभं आहे, म्हणून धोका खरा आहे. जुन्या सागाचा गाभा बराच टिकतो, पण कडेचा पांढरट भाग वाळवी खाते, आणि नंतर दुरुस्तीत घातलेलं आंब्याचं लाकूड तर आधी जातं. तुळया आणि वासे भिंतीत शिरतात ती टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, मधे ठोकून आवाज ऐका. टणक लागलं तर आईवडिलांना हलवायची गरज नाही. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला किंवा आवाज पोकळ आला तर त्याच दिवशी खालून टेकू द्या, माळ्यावरचं ओझं उतरवा, आणि सुतार येऊन बघेपर्यंत त्यांची अंथरुणं दुसऱ्या खोलीत घाला.