पावसात एसी कशाला?

प्रश्न: पाऊस लागला की गाडीच्या समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. गारठा नको म्हणून मी एसी बंद ठेवते, तर काच आणखीच धूसर होते. एका हाताने पुसत गाडी चालवावी लागते. त्यात डोंगराळ रस्त्यावर रेडिओ खरखरतो आणि स्टेशन शोधताना नजर हटते. काय करावं?

उत्तर: ताई, आधी ते फडकं बाजूला ठेवा. मी गाडी शिकवते, आणि पाऊस आला की शिकणाऱ्यांना पहिल्यांदा एसी लावायला सांगते. श्वासातला, ओल्या छत्रीतला दमटपणा आत कोंडतो आणि थंड काचेवर जमतो. एसीच्या गार कॉइलवरून हवा गेली की तिच्यातलं पाणी तिथेच सुटतं. गाडीखाली ठिबकतं ते हेच पाणी. गारठ्याचं म्हणाल, तर एसी चालू ठेवूनच तापमानाचा नॉब लाल बाजूला फिरवा. इंजिन तापलेलं असलं की हवा कोरडी आणि उबदार येते. झोत काचेवर घ्या, पंखा वाढवा.

गाडीच्या चित्रात आत वळलेला बाण असलेलं बटण मात्र बंद हवं. ते आतलीच हवा फिरवत राहतं. कडक उन्हात त्याचा उपयोग आहे, तोही काचा उघडून तापलेली हवा बाहेर घालवल्यावर.

कधी उलटंही होतं. काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली नाही तर वाफ बाहेरून आहे: काच एसीने फार गार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. अशा वेळी वायपर फिरवा, थंड झोत काचेवरून काढा आणि तापमान थोडं वाढवा.

रेडिओत बिघाड असेलच असं नाही. एफएमच्या लहरी बहुतेक सरळ जातात, मध्ये डोंगर आला की क्षीण होतात. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत दूरवर पोचतात, तिथे एखादं केंद्र लागतं का पाहा. गाडी उभी असतानाच आवडीची स्टेशनं साठवून ठेवा. बहुतेक रेडिओंवर स्टेशन लावून क्रमांकाचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की ते साठतं. मग चालवताना एकदाच बोट टेकवायचं. वळणावर शोधाशोध अजिबात नको. फारच खरखरलं तर रेडिओ बंद करा, समोरच्याचा हॉर्न ऐकू यायला हवा.