चौऱ्याहत्तर दिवसांचा मेसेज

तेल-गॅसच्या आयातीबद्दल महिनाभर तेच ते प्रश्न येताहेत. एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : रशियाचं तेल सवलतीत मिळालं, मग पंपावर पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

सवलत मिळते ती शुद्धीकरण कंपनीला. पंपावरच्या दरात केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो, आणि व्हॅट मॉस्कोत ठरत नाही.

प्रश्न : देशात ७४ दिवसांचं तेल साठवलेलं आहे, असा मेसेज आलाय. म्हणजे आखाती तेल ज्या चिंचोळ्या समुद्रमार्गाने येतं ती होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तरी काळजी नाही ना?

हा मेसेज मला आतापर्यंत सतरा जणांनी पाठवलाय! ७४ दिवस ही साठवणक्षमता आहे, साठा नव्हे. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे म्हणून आत हजार लिटर पाणी आहे, असं एखादा लातूरकर मे महिन्यात म्हणेल का? शिवाय यातल्या बहुतेक टाक्या तेल कंपन्यांच्या, रोजच्या उलाढालीच्या. खास संकटासाठी राखलेली कोठारं तीनच : विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळुरूला १५ लाख, कर्नाटकातल्याच पाडूरला २५ लाख. काठोकाठ भरली तरी २०१९-२० च्या वापराच्या हिशेबाने देशाला जेमतेम साडेनऊ दिवस पुरतील. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बंधनकारक असतो. आपण तिथे नुसते सहयोगी, त्यामुळे ते बंधन आपल्यावर नाही.

कोठारं मात्र बघण्यासारखी. जमिनीखाली अखंड खडकात कोरलेल्या गुहा, आतून पोलादी अस्तर नाही. भोवतालच्या भूजलाचा दाबच तेलाला बाहेर झिरपू देत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये भाव कोसळले तेव्हा आपण पिंपाला सरासरी १९ डॉलर भावाने ती भरून घेतली. मंगळुरूत अबुधाबीच्या सरकारी कंपनीने २०१८ मध्ये स्वतःचं तेल आणून ठेवलं. अडीअडचणीला त्यावर पहिला हक्क आपला. मुत्सद्देगिरी म्हणतात ती ही, विमानतळावरची मिठी नव्हे. पण ओडिशातलं चंडीखोल आणि पाडूर इथल्या वाढीव कोठारांना मंत्रिमंडळाने २०१८ मध्येच मान्यता दिली होती. त्यानंतर जागा, निविदा, पुन्हा जागा... असो.

प्रश्न : कारखान्यासाठी गॅसचा दीर्घ मुदतीचा करार करू की लागेल तसा बाजारातून घेऊ?

कतारचं उदाहरण घ्या. वर्षाला ७५ लाख टन, २५ वर्षं, आणि ‘माल उचला, नाहीतर पैसे भरा’ हे कलम. २०१५ मध्ये बाजारभाव पडला, आपण कमी गॅस उचलला आणि सुमारे १२ हजार कोटींचा दंड डोक्यावर आला. चर्चा झाली. दंड माफ, भाव जवळपास निम्मा. बदल्यात आपण वर्षाला आणखी दहा लाख टन घ्यायचं कबूल केलं. तुमच्यासाठी वाटाघाटीला कतारला कोणी जाणार नाही, तेव्हा सही करण्याआधी ते कलम वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न : आखाती कंपनीशी सामंजस्य करार होतोय, शेअर घ्या, असं दलाल म्हणतो.

सामंजस्य करार म्हणजे साखरपुडाही नव्हे, नुसता चहा-पोह्यांचा कार्यक्रम. २०१८ मध्ये वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या रत्नागिरी रिफायनरीसाठी सौदीच्या अरामकोशी असाच करार झाला होता. ती जिथे व्हायची होती त्या नाणारला आजही हापूसच पिकतो. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा, दलालाला नको.

प्रश्न : मग घरात दोन-तीन जादा सिलिंडर भरून ठेवू का?

अजिबात नको. नियमात बसत नाही आणि जिवाला धोका. दुसरा सिलिंडर हवा असेल तर वितरकाकडे रीतसर अर्ज करा. वर साठवणुकीचं लिहिलंय ते सरकारसाठी.