ते वाक्य भाईंचं नव्हतं

‘बातम्यांवरून आमच्या घरात भांडणं होतात. समोरच्याचं मत कसं बदलू?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं आधी जरा संकोचतात. दारू, कर्ज, मुलांचा अभ्यास ही कारणं त्यांना सांगण्यासारखी वाटतात. राजकारणावरून दिराने बोलणं टाकलं हे सांगताना मात्र ‘कारण तसं क्षुल्लकच आहे’ अशी सुरुवात होते. मला ते क्षुल्लक वाटत नाही, आणि आपल्या कोकणात तर नाहीच. महामार्गाचं काम रखडलं की गणपतीला निघालेला मुलगा रात्रभर रस्त्यात अडकतो. समुद्रात एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर तावातावाने बोलणारा माणूस स्वतः रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारा असतो, नाहीतर पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या यांत्रिक बोटीवर खलाशी. आणि प्रकल्पाची बातमी आली की तिच्यातली जमीन आपल्याच सातबाऱ्यावरची असते. अशा बातमीवर मत असणं आणि ते जिवाला लागणं, दोन्ही स्वाभाविक आहे.

ही हकिगत अशाच एका कुटुंबाची. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. राजापूर आणि देवगड तालुक्यांच्या सीमेकडचा भाग. दोन भाऊ, थोरल्यांना आबा म्हणूया, धाकट्यांना भाई. आबा गावात राहून हापूसची कलमं सांभाळतात. भाई तरुणपणी मुंबईला गेले, आता डोंबिवलीत असतात. घर एक, गणपती एक, जमीन सामाईक. माझ्याकडे आली ती आबांची लेक, कणकवलीला दिलेली. दोन वर्षं काका गणपतीला आले नव्हते. आई चतुर्थीच्या आधीपासूनच रडायला लागते, आबा त्या दिवशी धड जेवत नाहीत, आणि काकांचं नाव काढलं की उठून पडवीत जातात. तिची मागणी साधी होती: ‘मॅडम, रिफायनरीबद्दलचं दोघांपैकी एकाचं मत बदललं तर सगळं मिटेल. कोणाचं बदलता येईल ते तुम्ही बघा.’

मी तिला सांगितलं की मत बदलणं हे माझं काम नाही, आणि मला तो अधिकारही नाही. पण दोघं यायला तयार असतील तर बोलूया.

प्रकल्पाची पार्श्वभूमी इकडच्या वाचकांना पाठ आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून २०१७ मध्ये या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी कंपनी स्थापन केली. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, सुमारे तीन लाख कोटींची गुंतवणूक. प्रकल्पासाठी निवडलेली राजापूर तालुक्यातल्या नाणार परिसरातली गावं विरोधात उभी राहिली, जमीनमालकांनी असंमतीपत्रं दिली, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर नाणारचं भूसंपादन मागे घेतलं गेलं. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायामाणसं भर उन्हात कातळावर आडवी झाली आणि पोलिसांचा मोठा बंदोबस्त लागला. रोजगार येईल म्हणून प्रकल्प हवा असणारेही याच पट्ट्यात होते, आहेत. कोण बरोबर हे मी इथे लिहिणार नाही. ज्या घरात दोन्ही बाजू आहेत त्या घराशी बोलताना समुपदेशकाने पंच होऊ नये, असं मी मानते.

आबा विरोधात, भाई बाजूने. लेकीने मला दिलेलं चित्र एवढंच होतं. दोघांशी वेगवेगळं बोलले तेव्हा मी ‘तुम्हाला काय वाटतं’ हे विचारलंच नाही. ते दोघांनाही तोंडपाठ होतं आणि ते सांगताना दोघांचाही आवाज चढायचा. मी विचारलं, असं वाटायला लागलं कधीपासून?

आबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग जैतापूरबद्दल बोलू लागले. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. आबांचं त्या बाजूला जाणंयेणं होतं. ‘त्या दिवसापासून मोठा प्रकल्प म्हटला की मला आधी तो पोरगाच आठवतो,’ ते म्हणाले. प्रदूषण, कलमांचा मोहोर, समुद्रातलं पाणी हे मुद्दे त्यांच्याकडे होते आणि त्यांनी ते नीट मांडलेही. पण त्यांचं मत धरून ठेवणारी गोष्ट त्या दिवसात होती.

भाईंचं वर्ष १९८२. ते मुंबईत कापडगिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर भाईही बाहेर पडले. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. गावी मात्र त्यांनी कितीतरी महिने काही कळू दिलं नाही. रात्री वॉचमनची नोकरी, दिवसा मिळेल ते काम, आणि घरी मनिऑर्डर नेहमीसारखी. ‘आबाला वाटायचं गिरणी चालूच आहे,’ ते म्हणाले. त्यांचा मुलगा डिप्लोमा करून कंत्राटावर लागला आहे, दर काही महिन्यांनी त्याचं कंत्राट संपतं. गावाजवळ पक्की नोकरी देणारा कारखाना म्हणजे भाईंसाठी काय असेल, हे मला तिथे समजलं.

इथपर्यंत येऊनही एक गोष्ट मला कळत नव्हती. ही दोन मतं २०१७ पासून घरात होती. तरी २०२२ पर्यंत भाई दरवर्षी गणपतीला येत होते, दोघे भाऊ रात्री आरती झाल्यावर याच विषयावर वाद घालत होते आणि सकाळी एकत्र चहा पीत होते. मतभेदाने घर तुटायचं असतं तर पाच वर्षं आधीच तुटलं असतं. मग मधे घडलं काय?

दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोघांनीही अगदी शेवटी, उठता उठता.

बारसूचं आंदोलन पेटलेलं असताना भाईंनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर पुढे पाठवला होता. आंदोलनाला बसलेले लोक पैसे घेऊन बसले आहेत, अशा अर्थाचा. त्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो आधीच अनेकदा पुढे ढकलला गेला होता. त्या दिवशी आबा सड्यावर होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तो वाचला आणि ग्रुप सोडला. भाईंच्या बाजूने दुखणं वेगळं होतं. त्याआधी गावच्या बैठकीत आबा उभे राहून म्हणाले होते, ‘आमचं अख्खं घर विरोधात आहे.’ तसा अर्ज दिला, त्यात भाईंचंही नाव घातलं. भाईंना हे गावच्या दुसऱ्याच माणसाकडून समजलं.

दोघांच्या जखमेत मला एकच गोष्ट दिसली. आबांना भावाचं मत लागलं नव्हतं. कोणा अनोळखी माणसाने लिहिलेलं अपमानाचं वाक्य भावाच्या नावाखाली आलं, ते लागलं. भाईंनाही विरोध लागला नव्हता, त्यांच्या तोंडी त्यांचे नसलेले शब्द घातले गेले, ते लागलं. घरातली माणसं एकमेकांची खरी मतं बहुतेक वेळा पचवतात. उसनी वाक्यं पचत नाहीत, कारण ती लिहिणाऱ्याला आपलं माणूस ठाऊकच नसतं. आबा कोण आहेत, उन्हात बसल्यावर त्यांची साखर कशी खाली जाते, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार?

मग दोघांना समोरासमोर बसवलं. नियम एकच ठेवला: आधी भावाचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं सांगायचं, मगच स्वतःचं बोलायचं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये भांडणाऱ्यांसाठी हा नियम सुचवला होता. ऐकायला सोपा आहे, करायला फार कठीण. आबा तीनदा अडले. ‘ह्याचं म्हणणं असं की कंपनीवाले...’ एवढं बोलून स्वतःच्याच मुद्द्याकडे वळायचे. भाई मान हलवायचे, ‘नाय, ह्या नाय.’ शेवटी आबा म्हणाले, ‘ह्याला वाटतं, ह्याच्या पोराला ह्याच्यासारखं वणवण फिरायला लागू नये.’ भाई खाली बघत राहिले. १९८२ ची ती गोष्ट त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितली, आबांना पहिल्यांदा. मनिऑर्डर कुठून येत होती हे आबांना चाळीसहून जास्त वर्षांनी कळलं.

मजकुराचा विषय मात्र आवाज चढवूनच निघाला, आणि मालवणीतच.

‘मी पैसे घेऊन कातळावर बसलंय, असा वाटता तुका?’

‘नाय रे. तसा कसा वाटात? ता मी खय लिवलंय? माका इला, मी फुडे धाडलंय.’

‘नाव तुझा होता ना वर!’

भाईंकडे याला उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. थोड्या वेळाने ते एवढंच म्हणाले, ‘आणि माझा नाव घालूच्या आधी माका इचारूक व्हया होता.’ आबांनी ते मान्य केलं.

दोघांनी काय ठरवलं तेही सांगते, कारण अनेक घरांना ते उपयोगी पडेल. घरच्या ग्रुपवर गावाविषयी, सरकारविषयी, कोणत्याही पक्षाविषयी काहीही लिहायला मोकळीक, पण स्वतः टाइप करून, नाहीतर आवाजात बोलून. पुढे ढकललेलं काही नाही. भाईंना मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून ते बोलून पाठवतात. जे वाक्य भावाच्या तोंडावर बोलता येणार नाही ते आवाजातही निघत नाही, हा माझा अनुभव इथेही खरा ठरला. दुसरं, बैठकीत किंवा अर्जात ज्याने त्याने फक्त स्वतःचं नाव द्यायचं. सामाईक जमिनीवर प्रत्येक हिस्सेदाराचं म्हणणं त्याचं स्वतःचं असतं, मोठा भाऊ म्हणून ते आपोआप आपल्याकडे येत नाही.

वाहिन्यांबद्दलही बोलणं झालं. आबा संध्याकाळी सातपासून चर्चांचे कार्यक्रम लावून बसत आणि रात्री झोप येत नाही म्हणून तक्रार करत. बातम्या बंद करा, असं मी कधीच सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाचं जगाशी असलेलं ते एक नातं असतं, ते तोडणं क्रूरपणाचं आहे. फक्त वेळ बदलायला सांगितली: बातमीपत्र बघा, ओरडाआरडीची चर्चा जेवणानंतर नको.

एक गोष्ट वेगळी काढून सांगावीशी वाटते. पूर्वी शांत असलेलं माणूस थोड्याच दिवसांत एकदम चिडकं झालं, संशय घेऊ लागलं, झोप उडाली, तेच तेच बोलू लागलं, तर तो मताचा प्रश्न समजू नका. ऐकू कमी येणं, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, औषधांचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. जवळ कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

भाई त्या वर्षी गणपतीला आले. आबांचं मत तेच आहे, भाईंचंही तेच. आरतीनंतर पुन्हा वाद झाला आणि लेकीने घाबरून मला फोन केला, ‘मॅडम, परत सुरू झालं.’ कोण काय बोललं ते मी तिला विचारलं. दोघंही स्वतःचंच बोलत होते, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं. तिला मी फक्त एकच काम सोडायला सांगितलं, जे ती दोन वर्षं करत होती: आबांचे निरोप काकांना आणि काकांचे आबांना पोचवणं. प्रत्येक निरोप सौम्य करता करता ती स्वतः थकली होती, आणि तिने नेलेले शब्दही त्या दोघांचे नव्हतेच. आता फोन आबा स्वतः लावतात.