पेशंट म्हणाला "सिस्टर, मीच का?" आणि मला काहीच सुचलं नाही, मग रिहॅब नर्सिंग घेऊ की नको?

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. ही मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पोस्टिंग रिहॅब म्हणजे पुनर्वसन वॉर्डात लागलंय. तिथे मणक्याला मार लागून कमरेखालची हालचाल गेलेला एक तरुण पेशंट आहे, त्याला कुशीवर वळवताना तो म्हणाला, "सिस्टर, मीच का? वाचवलं कशाला मला? आणि हे कुणाला सांगू नका." हिच्या तोंडून शब्द फुटला नाही, काम उरकलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. तरी हिला हीच लाईन घ्यायचीय. वडील म्हणतात रिहॅब म्हणजे आयाचं काम, घ्यायचंच तर आयसीयू घे. मैत्रीण म्हणते तू देवाबिवाला मानत नाहीस, तू पेशंटला आध्यात्मिक आधार कुठून देणार. आणि हिचा प्रश्न एकच, मी या कामाला लायक आहे का?

करिअरचं नंतर बोलू, आधी ते "कुणाला सांगू नका" बघू. तू अजून कुणाला सांगितलं नसशील तर आजच वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांग, उद्यावर टाकू नकोस. "वाचवलं कशाला" हे दुःखातून आलेलं वाक्य असू शकतं आणि जीव द्यायच्या विचारातूनही आलेलं असू शकतं, त्यातलं कुठलं हे विद्यार्थिनीने एकटीने ठरवायचं नसतं. आणि हे त्याच्यापासून लपवूनही करू नकोस. त्याला सरळ सांग की तुम्ही बोललात ते मी टीमला सांगतेय कारण मला तुमची काळजी वाटते. चिडेल कदाचित, चिडू दे. "जीव द्यावासा वाटतो का" असं थेट विचारलं की तो विचार डोक्यात घातला जातो अशी एक भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते, पण तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

आता गप्प बसलीस त्याबद्दल. मी या करिअरच्या कामात येण्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली चार रिहॅबमध्ये, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या क्षणी ज्यांना पटकन उत्तर सुचतं त्यांची मला जास्त धास्ती वाटते. "देवाची मर्जी", "तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत", "पॉझिटिव्ह राहा" ही सगळी वाक्यं बोलणाऱ्याची सुटका करतात, पेशंट होता तिथेच राहतो आणि वर त्याला कळतं की या बाईशी परत हा विषय काढायचा नाही. "मीच का" ला उत्तर नाहीये, तुझ्याकडेही नाही आणि तुझ्या देव मानणाऱ्या मैत्रिणीकडेही नाही. तुझं चुकलंच असेल तर एवढंच की तू नंतर परत गेली नाहीस.

आध्यात्मिक गरज म्हटलं की लोकांना पूजा-प्रार्थना, धर्मगुरू एवढंच दिसतं. काहींसाठी ते असतंच, आणि तेव्हा त्याची सोय करून देणं, प्रार्थनेच्या वेळेला ड्रेसिंग न काढणं हे तुझं काम, तू स्वतः मानत असशील वा नसशील. पण रिहॅबमध्ये हा प्रश्न बहुतेकदा दुसऱ्याच वेषात येतो. आता माझा उपयोग काय? मी बापच राहिलो का? ही शिक्षा आहे का? बायको थांबेल का, आणि थांबली तर दयेपोटी? (हा शेवटचा प्रश्न आणि त्याला चिकटलेला शरीरसंबंधांचा प्रश्न डॉक्टरांच्या राऊंडला कुणी विचारत नाही, रात्रपाळीच्या नर्सला विचारतात, आणि आपण लाजून विषय बदलला की तो परत निघत नाही.) सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेचे शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे पदर एकत्र मांडले. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेवक आणि मग डॉक्टर झाल्या, म्हणजे हे सगळं त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून बघितलेलं होतं. त्यांचं काम मरणाऱ्या माणसांमधलं होतं, आपला पेशंट जगणार आहे, आणि कसं जगायचं हेच त्याला कळत नाहीये.

विचारायचं कसं, तर क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांची फिका नावाची चार टप्प्यांची साधी पद्धत आहे. कशावर श्रद्धा आहे किंवा कशामुळे जगण्याला अर्थ वाटतो, त्याचं तुमच्या आयुष्यात कितपत महत्त्व आहे, त्यात तुमच्याबरोबर कोण माणसं आहेत, आणि उपचारात आम्ही त्याचा विचार कसा करावा. बघ, यात विचारणाऱ्याने काय मानावं हे कुठेच नाही. फक्त फॉर्म भरल्यासारखं ओळीने विचारू नकोस प्लीज. स्पंजिंग करताना म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसताना, व्हीलचेअरवर घेताना, हात कामात असताना माणसं जास्त बोलतात.

आणि हात कामात असण्यावरूनच एक सांगते, माझ्या लक्षात राहिलेली चूक आहे. स्ट्रोकचे एक आजोबा होते, उजवा हात गेलेला, बोलणंही गेलेलं. सकाळी थेरपीची घाई, ते डाव्या हाताने शर्टाचं बटण लावतायत, पाच मिनिटं झाली एकच बटण, मी हसत म्हटलं "द्या हो मी लावते" आणि पटापट लावून टाकली. त्यांनी काय केलं, तर मी वळल्यावर ती सगळी बटणं परत काढली. त्यातल्या एकाला तर ओढून तोडलं. मी केसपेपरवर "चिडचिड करतात" असं लिहिलं होतं, आता आठवलं की लाज वाटते. आयसीयूत वेगाने हात चालणारी नर्स चांगली, इथे कधीकधी हात मागे बांधून उभं राहता येणारी चांगली, आणि हे तुला जमतं का हे मला तुझ्या देव मानण्या-न मानण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. उरलेल्या पोस्टिंगमध्ये स्वतःला तपासून बघ. कुणी हळू काही करत असेल तेव्हा तुझ्या हाताला किती खाज सुटते? पंधरा दिवसांत पायाचा अंगठा हलला एवढीच प्रगती असेल तर तुला त्यात काही दिसतं का, की कंटाळा येतो? कंटाळा आला तर तसं मान्य करायला हरकत नाही, दुसरी लाईन घ्यायची.

मानसिक गरजांचं तर अभ्यासाशिवाय भागणारच नाही, फक्त मन लावून चालत नाही. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि ज्याचं बोलणं गेलंय त्याचं ते हमखास नजरेतून सुटतं कारण तो सांगूच शकत नाही. झोप, जेवण, थेरपीला टाळाटाळ, भिंतीकडे तोंड करून पडणं यावरूनच ओळखायचं, आणि हे चोवीस तास बघणारी फक्त नर्स असते. उलट बाजूला स्ट्रोकनंतर काही पेशंट उगाच रडतात किंवा हसतात, ते मेंदूच्या इजेमुळे होतं, त्यांना तेवढं दुःख किंवा आनंद झालेला नसतो, ते घरच्यांना समजावून सांगितलं तरी अर्धा ताण उतरतो. परीक्षेत दुःखाच्या पाच पायऱ्या (नकारापासून स्वीकारापर्यंत) लिहितेस ना, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेल्या, त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून केलेल्या आहेत, त्यामुळे अपंगत्व आलेल्या माणसाला त्या जिन्यावर बसवून "हा अजून रागात आहे, पुढच्या महिन्यात स्वीकारेल" असं धरून चालू नकोस. सोमवारी हसणारा माणूस गुरुवारी कोसळतो.

आणि सगळंच मनाचं आहे असंही समजू नकोस, हे उलटं खूळ नव्या मुलींमध्ये असतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर इजा झालेला पेशंट अचानक घाबराघुबरा झाला, डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम, तर त्याचा हात धरून धीर देत बसायचं नाही. हे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकतं, बीपी धोकादायक चढतं, आणि कारण बऱ्याचदा पिळ पडलेलं कॅथेटर (लघवीची नळी) किंवा तुंबलेलं मूत्राशय असतं. ताबडतोब उठवून बसवायचं, बीपी घ्यायचं, नळी बघायची, डॉक्टरांना बोलवायचं. म्हणूनच माझा सल्ला असा की पास झाल्यावर वर्षभर न्यूरो किंवा ऑर्थो वॉर्डात काढ, हात पक्का कर, मग रिहॅबला ये.

वडिलांना काय सांगायचं? वाद घालू नकोस, एक गोष्ट सांग. मणक्याच्या इजेचे पेशंट एके काळी फार जगायचेच नाहीत, बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला लुडविग गटमन या डॉक्टरांनी युनिट सुरू केलं, तिथे दिवसरात्र दर दोन तासांनी पेशंटला कूस बदलून द्यायची शिस्त लावली, म्हणजे वडील ज्याला आयाचं काम म्हणतात तेच, आणि माणसं जगायला लागली. पण नुसती जगून काय करणार, म्हणून त्यांना कामाला लावलं, खेळायला लावलं, आणि 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, व्हीलचेअरवरच्या 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथून झाली. कूस बदलणं आणि "माझा उपयोग काय" हे तिथे एकाच युनिटचं काम होतं. शिवाय अमेरिकेत रिहॅब नर्सेसची स्वतःची संघटना 1974 पासून आहे आणि सीआरआरएन हे रिहॅब नर्सेससाठीचं वेगळं सर्टिफिकेशन आहे, हे ऐकलं की वडील मंडळी जरा सावरून बसतात, माझा अनुभव आहे.

रडलीस त्याबद्दल, ते चालतं. पण रोज एकटीने बाथरूममध्ये नको, सिनिअर कोणीतरी बोलायला गाठून ठेव, नाहीतर दोन वर्षांत तू पण "पॉझिटिव्ह राहा"वाली होशील.

इन्चार्जना सांगून झालं की त्या मुलाकडे परत जा. खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीला बस, उभ्याने बोलू नकोस. एवढंच म्हण, "परवा तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही, पण तुम्ही विचारलेलं माझ्या लक्षात आहे." मग थांब. तो काहीच बोलला नाही तर विचार, आज आधी अंघोळ की आधी व्यायाम, आणि तो सांगेल तसं कर.