माझ्या १४ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) आहे. सारखा धडपडतो, अक्षर तर त्याचं त्याला वाचता येत नाही. हा नुसता वेंधळेपणा आहे का?

नाही हो. मी स्वतः कितीतरी वर्षं "लक्ष कुठंय तुझं" म्हणून ओरडलेय. माझा लेक आता सोळाचा आहे, ताक ग्लासात कमी नि ओट्यावर जास्त, रोजच्याच दाराच्या चौकटीला रोज खांदा आपटणार, आणि बॉलपेन इतकं दाबून लिहायचा की वहीच्या पुढच्या तीन पानांवर बोट फिरवलं तरी खाचा लागायच्या. कंटाळा करणारं पोरगं एवढा जोर कशाला लावेल, हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं.

एडीएचडीवाल्या साधारण ३० ते ५० टक्के मुलांना हा हातापायांच्या ताळमेळाचा त्रास असतो. तो जास्त असेल तर त्याचं निदानही वेगळं, डीसीडी, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. पण दवाखान्यात सगळे अभ्यास आणि चंचलपणाचंच विचारतात, सो हा विषय तुम्हीच काढा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) टेस्ट करून घ्या.

घरी एक बघा, त्याला मनापासून आवडतं त्यात काय होतं? आमचा क्रिकेटवेडा, नजर बॉलवरच, तरी हात पोचेपर्यंत बॉल गेलेला. लक्ष नसल्यामुळे कॅच सुटणं वेगळं आणि लक्ष असून सुटणं वेगळं. एडीएचडीच्या गोळीने काही मुलांचं अक्षर सुधारतं, आमचंही थोडं सुधारलं, पण बुटाची लेस बांधणं काही जमलं नाही.

उपयोग झाला तो जे जमत नाही तेच तुकडे पाडून करण्याचा. कॅनडात निघालेली कोऑप म्हणून पद्धत आहे, त्यात काय करायचंय, कसं करायचं, करून बघ, जमलं का, हे मुलानेच ठरवायचं, आपण तोंड बंद ठेवायचं (हे सगळ्यात अवघड!). भूमितीत कर्कटक घसरायचं, तर त्यानेच शोधून काढलं की कर्कटक धरून ठेवायचं आणि कागद फिरवायचा. वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा मला किचनमधून हाक मारून दाखवलं.

मोठा झाला की जाईल म्हणून थांबू नका, बऱ्याच जणांचं जात नाही. आणि तपासणीत डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचण, निघाला तर दहावीला जादा वेळ मिळू शकतो, पण त्या सर्टिफिकेटच्या मागे नववीतच लागा, हेलपाटे फार आहेत.