घरी बांधलेला कॅम्पर आणि टायटल

प्रश्न : अमेरिकेत राहतो. जुन्या बोट-ट्रेलरच्या सांगाड्यावर छोटा कॅम्पर बांधला आहे. सांगाडा कागदांशिवाय घेतला होता. ‘घरी बनवलेला’ म्हणून नोंदवता येईल का?

घाई करू नका. वरची लाकडी खोली तुम्ही बांधलीत, पण डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन-नोंदणी खात्याच्या, लेखी गाडी म्हणजे सांगाडा. त्यावर कारखान्याचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, असेल तर ओळख तीच राहते. कारला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर आणि बाजूच्या पट्ट्यांवर रंगाखाली कोरलेले आकडे शोधा. सापडले तर विकणाऱ्याकडून सहीचे विक्रीपत्र घ्या आणि तो नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे तपासून घ्या. टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, हरवले असेल, तर बऱ्याच राज्यांत हमीरोखा भरून ‘बाँडेड टायटल’ मिळते. नंबर घासून काढून ‘नवा’ ट्रेलर दाखवणे हा सरळ गुन्हा आहे, आणि तपासणीत घासलेली जागाच आधी दिसते.

सांगाडा स्वतः वेल्ड केला असता तर वाट वेगळी होती : बांधणीचे प्रतिज्ञापत्र, पोलाद, ॲक्सल, कपलर (कारच्या हुकाला अडकणारा भाग), चाके यांच्या पावत्या, फोटो, वजनाची चिठ्ठी आणि प्रत्यक्ष तपासणी. त्यानंतर राज्य स्वतःचा नंबर देते. पावत्यांवर विक्रीकर दिसला नाही तर काही ठिकाणी तो पुन्हा मागतात. नवा तयार सांगाडा घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून एमसीओ, म्हणजे निर्मात्याचे मूळ प्रमाणपत्र, हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : ट्रक-काट्यावर ट्रेलरच्या ॲक्सलखाली १,२३० पौंड आले. अर्जात हेच लिहू?

नको. ट्रेलर कारला जोडलेला असताना दांड्याचा भार कारच्या मागच्या चाकांवर जातो, तो या आकड्यात येत नाही. दांड्यावर १७० पौंड असतील तर खरे वजन १,४०० आहे. ट्रेलर सोडून एकटा काट्यावर उभा करा. जमत नसेल तर जोडीचे एकूण वजन घ्या, मग फक्त कारचे, आणि वजाबाकी करा. चालक आणि इंधन दोन्ही वेळा सारखेच हवे. दांड्यावरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलतो.

भरलेल्या वजनाची मर्यादा मात्र सर्वांत कमकुवत भाग ठरवतो. ॲक्सल ३,५०० पौंडांचा असला आणि कपलर २,००० चा, तर मर्यादा २,०००. पाण्याची टाकी विसरू नका : २० गॅलन म्हणजे सुमारे १६६ पौंड.

प्रश्न : तपासणीत बहुधा कशावर अडतात?

दिव्यांवर. मागचे, ब्रेकचे, वळणाचे आणि नंबरपाटीचा दिवा बहुतेक जण लावतात. बाजूचे दिवे आणि परावर्तक राहून जातात : पुढे पिवळसर, मागे लाल. रुंदी ८० इंच किंवा जास्त असेल तर कडेचे क्लिअरन्स दिवे आणि मागे मधोमध तीन लाल दिवेही लागतात. शक्य असेल तर ७९ इंचांतच बसवा, वायरिंग निम्मे वाचते.

ब्रेकबाबत शेजाऱ्याचे ऐकू नका. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून सक्ती आहे, पण कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला १,५०० पासूनच.

प्रश्न : मेन राज्यात टायटलच देत नाहीत म्हणतात. खरे?

रिकामे वजन ३,००० पौंडांपर्यंत असलेल्या ट्रेलरला देत नाहीत, नोंदणी पुरते. दुसऱ्या राज्यातला ग्राहक मात्र कागद मागेल, म्हणून नोंदणीपत्र आणि पावत्या विक्रीपर्यंत जपा.