कीर्तनाला उभी राहण्यापूर्वी

सातारा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. गावच्या हरिनाम सप्ताहात यंदा एका रात्रीची कीर्तनसेवा तुझ्याकडे आली, हे वाचून फार समाधान वाटले. त्यावरून घरात झालेला वादही तू सविस्तर कळवला आहेस. थोरल्या काकांनी ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ (बाई स्वातंत्र्याला पात्र नाही) एवढे म्हणून विषय संपवला, तुझी बाजू घेण्यासाठी वडिलांनी ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ (जिथे स्त्रियांची पूजा होते) म्हणून दाखवले, आणि आता या दोहोंतले खरे शास्त्र कोणते, असे तू मला विचारतेस.

ही दोन्ही वचने मनुस्मृतीतलीच आहेत. वडिलांनी म्हटलेले तिसऱ्या अध्यायात आहे, काकांनी म्हटलेले नवव्या अध्यायाच्या आरंभी. तिसऱ्या अध्यायातला तो श्लोक सुटा न वाचता पुढचे तीन श्लोक वाचलेस, तर ही पूजा कशी करायची तेही तिथेच सांगितलेले दिसेल : सणासमारंभाला दागिने, वस्त्रे आणि चांगले भोजन देऊन. म्हणजे काकांच्या वचनाने तुझी वाट अडते हे खरे असले, तरी वडिलांच्या वचनानेही ती मोकळी होत नाही. दोन्हीकडे बाईविषयी दुसरेच कोणी बोलत आहे, तिला काय द्यावे आणि तिला कुठवर जाऊ द्यावे हे ठरवत आहे. म्हणून माझे सांगणे असे की, वचनाला वचन लावण्याच्या या खेळात तू उतरूच नकोस. आपल्या परंपरेत बाई जिथे जिथे स्वतःच्या तोंडाने बोलली आहे, त्या जागा आधी शोध, त्या पुन्हा पुन्हा वाच, आणि शास्त्रात बाईचे स्थान काय, हा निर्णय त्यानंतर कर.

त्या जागा फार नाहीत, आणि त्या फार आहेत असे तू कीर्तनात सांगू नयेस. ऋग्वेदाच्या 1028 सूक्तांत घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा अशी मोजकी नावे येतात. बृहद्देवता या ऋग्वेदातल्या देवतांविषयीच्या जुन्या ग्रंथात 27 ब्रह्मवादिनींची, म्हणजे ज्यांच्या नावावर वेदमंत्र आहेत अशा स्त्रियांची, यादी आहे आणि व्याख्यानांतून तो आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो, परंतु त्या यादीत इंद्राणी, उर्वशी, सरमा, रात्र, श्रद्धा आणि नद्यासुद्धा आहेत. आपली बाजू बळकट करण्यासाठी आकडा फुगवला, की समोरचा अभ्यासू माणूस तेवढाच धागा ओढून सगळे उसवतो. त्यापेक्षा दहाव्या मंडलातले 125वे सूक्त हाती घे. आठ ऋचांचे हे सूक्त अंभृण ऋषींची कन्या वाक् हिच्या नावावर आहे आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत ‘मी’ या एकाच सुरात बोलते : ‘अहं राष्ट्री संगमनी वसूनाम्’, मी राज्याची स्वामिनी, संपत्ती एकत्र आणणारी. नवरात्रात सप्तशतीच्या पाठाबरोबर हेच देवीसूक्त म्हटले जाते. जिच्या मुखातून ते आले ती ऋषिका आहे, आणि ते मोठ्याने म्हणण्याचा अधिकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या पुरुषाकडे किंवा गुरुजींकडे राहिला. देवीची पूजा होते म्हणजे बाईचा मान आपोआप राखला जातो, असे मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी.

गार्गीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तिची अर्धीच कथा सांगण्याची पद्धत पडून गेली आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना विचारत जाते की, हे सर्व पाण्यात ओतप्रोत आहे तर पाणी कशात, आणि ते ज्यात आहे ते आणखी कशात. अखेर ‘अतिप्रश्न करू नकोस, नाहीतर तुझे मस्तक गळून पडेल’ असे ते तिला बजावतात आणि ती थांबते. पुष्कळ प्रवचनकार इथेच थांबतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात गार्गी म्हणजे मर्यादा ओलांडू पाहणारी आणि गप्प बसवली गेलेली बाई, एवढेच उरते. पण त्याच अध्यायाच्या आठव्या ब्राह्मणात, म्हणजे आठव्या प्रकरणात, ती पुन्हा उभी राहते. काशीचा किंवा विदेहाचा वीरपुत्र धनुष्याला प्रत्यंचा चढवून, दोन बाण हाती घेऊन शत्रूसमोर ठाकावा तशी मी दोन प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभी आहे, असे ती भर सभेत म्हणते. त्या प्रश्नांच्या उत्तरातच अक्षरब्रह्माचे, म्हणजे अविनाशी ब्रह्माचे, वर्णन येते. ते ऐकून गार्गी सभेकडे वळते आणि ब्राह्मणांना सांगते की, या याज्ञवल्क्यांना नमस्कार करून सुटका होत असेल तर तेच पुष्कळ समजा, ब्रह्मचर्चेत यांना कोणी जिंकणार नाही. त्या वादाचा निकाल गार्गीने दिला आहे, आणि तो सगळ्या सभेला ऐकावा लागला आहे. कीर्तनात गार्गी आणलीस तर ती इथपर्यंत आण.

यानंतरचा काळ दाराला कडी लागण्याचा आहे. विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार आणि तिच्या क्रिया मंत्रांवाचून, असे स्मृतीने ठरवले. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘स्त्रियो वैश्यास्तथा शूद्राः’ परम गतीला जातात असे आश्वासन आहे, आणि भक्तीची वाट सर्वांना मोकळी करणारे म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु त्याच श्लोकात ‘पापयोनयः’ (पापयोनीत जन्मलेले) हा शब्दही आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपल्या मराठीत मात्र बायका बोलल्या, आणि हीच तुझी खरी शिदोरी आहे. मुक्ताबाईंनी थोरल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, ताटी उघडायला लावली. जनाबाईंनी ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे म्हटले. संत बहिणाबाईंचा प्रश्न तर तुझ्या काकांच्या वचनाला थेट जाऊन भिडतो : ‘वेद हांका देती पुराणें गर्जती, स्त्रियेच्या संगतीं हित नोहे’, आणि मी तर जन्मानेच स्त्रीदेह घेऊन आले, मग माझ्या परमार्थाची सोय काय? नवऱ्याचा मार सोसत असतानाही हा प्रश्न त्यांनी दाबून ठेवला नाही. कोल्हापुरात ज्यांच्या कीर्तनाने त्यांना ही गोडी लागली ते जयरामस्वामी आपल्याच खटाव तालुक्यातल्या वडगावचे, हे तुझ्या श्रोत्यांना अवश्य सांग.

निरूपणाला कोणता अभंग घ्यावा, असे तू विचारले आहेस. माझ्या मनात संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंचा ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ हा आहे. ‘विटाळावांचोनी उत्पत्तीचें स्थान, कोण देह निर्माण नाहीं जगीं’ या चरणावर घाई करू नकोस. समोर ज्या बायका बसलेल्या असतील, त्यांतल्या कितीतरी जणींनी महिन्याच्या त्या दिवसांत देव्हाऱ्यापासून दूर राहून जन्म काढलेला असेल; चोख्याच्या घरच्या या माउलीने विटाळाचा प्रश्न जातीच्या आणि बाईपणाच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी विचारला आहे, हे त्यांना शांतपणे उलगडून सांग. शेवटच्या चरणात ती स्वतःला ‘महारी चोखयाची’ म्हणते. ती ओळ गाळू नकोस, आवाजही खाली आणू नकोस.

दृष्टांताला लांब जायला नको. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीला तू अनेकदा गेली असशील. पुढच्या वेळी समर्थांच्या शिष्या वेणास्वामी आणि अक्कास्वामी यांच्या समाध्यांपाशी थोडा वेळ बस. वेणाबाई बालविधवा होत्या. त्या कीर्तन करीत, मिरजेचा मठ समर्थांनी त्यांच्याकडे सोपवला, आणि ‘सीतास्वयंवर’ हे त्यांचे काव्य आहे. त्यांना विष दिल्याची आख्यायिका तेवढी रंगवून सांगितली जाते. तू आधी त्यांच्या ओव्या म्हण. ग्रंथ लिहिणारी, मठ चालवणारी बाई लोकांना दिसू दे.

आणि सप्ताहाच्या रात्री हळदीकुंकू लावताना कोणाला वगळले जाते, इकडे तुझे लक्ष असू दे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 साली केला. तुझ्या गावात ठराव होईल तेव्हा होवो; कीर्तनाला उभी राहण्याआधी तुझ्या आत्याच्या कपाळी कुंकू लावायचे की नाही, हे तिच्या संमतीने तुला ठरवता येईल.

काकांशी उद्धटपणा नको. त्यांना पहिल्या रांगेत बसव, पाया पडून सुरुवात कर, आणि जे म्हणायचे ते त्यांच्यासमोरच म्हण. टाळकऱ्यांबरोबर चाल निदान चार-पाच वेळा बसवून घे. देवीसूक्ताच्या उच्चारांसाठी येत्या रविवारी घरी ये, आपण दोघी मिळून ते म्हणू.

तुझी,
बाई